मढ : समुद्राइतकीच मोलाची जमीन

मढला जायला दोन वाटा आहेत. मालाड स्थानकाहून बेस्टची बस आक्सा, एरंगळ मागे टाकत मढ जेट्टीपर्यंत येते. दुसरी वाट वर्सोव्याची. तिथली फेरीबोट माणसं, टोपल्या आणि दुचाकी घेऊन मालाडची खाडी काही मिनिटांत ओलांडते. रस्त्यानं तेच अंतर वीस किलोमीटरहून जास्त भरतं. जुन्या काळी इथं सुटी सुटी बेटं होती, पुढे ती साष्टीला जोडली गेली. लोक मात्र अजूनही ‘मढ आयलंड’च म्हणतात, आणि बोटीतून उतरल्यावर ते पटतंही.

पाहुणे बहुधा किनाऱ्यावर नाहीतर किल्ल्याकडे वळतात. हा पोर्तुगीजांचा किल्ला 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात असल्यामुळे बाहेरूनच पाहावा लागतो. माझं सांगणं असं, की किल्ल्याला थोडा वेळ द्यावा आणि उरलेला सगळा वेळ कोळीवाड्याला.

इथली पिढीजात मासेमारी डोल जाळ्याची. डोल म्हणजे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी लांबलचक पिशवी. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ती बांधतात आणि तिचं तोंड प्रवाहासमोर धरतात. होडी मासळीमागे धावत नाही, पाणीच मासळी आणून देतं. प्रवाहाला जोर असेपर्यंत जाळं भरत राहतं, आणि पाणी फिरण्याआधी जी थोडी उसंत मिळते, त्यात ते ओढून घ्यावं लागतं. ती वेळ चुकली तर उलट्या प्रवाहानं आत आलेली मासळी निसटते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तांडेलाची झोपही सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, प्रवाह जोरात वाहतो आणि डोलीला चांगली मासळी लागते. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाणी मंदावतं आणि जाळ्यांच्या डागडुजीला सवड मिळते. बाजूला मुंबई घड्याळावर धावते, आणि इथली घरं आजही तिथीवर चालतात.

डोलीत येतात बोंबील, जवळा, करंदी, मांदेली. 2023 मध्ये राज्यमासा ठरलेल्या पापलेटाचा मान मोठा आहे खरा, पण या गावांची चूल पेटती ठेवली ती बोंबलानं. बोंबलाच्या अंगात पाणीच फार, त्यामुळे तो लवकर नासतो. बर्फ सहज मिळत नव्हता त्या काळी तो टिकवण्याचा भरवशाचा उपाय एकच होता, ऊन. बांबूंच्या उंच वलांडीवर दोऱ्या ताणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. ऊन आणि खारा वारा चांगला लागला, तर काही दिवसांत मासा काडीसारखा कडक होतो. जवळा मात्र खळ्यावर पसरतात आणि पुन्हा पुन्हा खालीवर करतात.

ही सगळी मेहनत बायकांची. बोट लागल्यावर मासळी निवडणं, धुणं, टांगणं, दव पडण्याआधी झाकणं, आणि मग पाटी घेऊन बाजार गाठणं. पुरुष समुद्र सांभाळतात, पण मासळीचा पैसा करतात त्या बायका. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन बोटी पुन्हा लोटेपर्यंत घर चालतं ते बरंचसं या सुक्या मासळीवर. मुंबईतल्या कित्येक घरांतही पावसाळ्यात भाजी महागली, की डब्यातला सुका बोंबीलच कामाला येतो.

म्हणूनच मला वाटतं, की कोळीवाडा म्हणजे नुसती घरं आणि बोटी नव्हेत. वलांडी, खळी, जाळी विणायची जागा, बोटी ओढायचा किनारा हे सगळं मिळून कोळीवाडा होतो. शहराच्या नजरेला मात्र यातली बरीचशी जागा मोकळी दिसते. पावसाळ्यात तर ती खरोखरच रिकामी असते. नकाशा करणाऱ्याला तिथं काहीच सापडत नाही, आणि कागदावर न आलेली जमीन मुंबईत टिकणं अवघड. कोळीवाड्यांचं सीमांकन करा, ही मागणी कोळी समाज वर्षानुवर्षं करतो आहे. वर्सोवा आणि मढ जोडणारा पूल पालिकेनं आखला आहे. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल, पोरांना कॉलेज गाठायचं असेल, तर पूल हवाच. पण पुलाबरोबर जमिनीचे भावही येतील. सीमांकनात खळ्यांची जागा त्याआधी नोंदली गेली नाही, तर मासळी आणून सुकवायची कुठं?

पाण्याचं दुखणंही तितकंच मोठं आहे. डोल एका जागी उभी राहून प्रवाह गाळते. शहराच्या नाल्यांतून समुद्रात गेलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या त्याच जाळ्यात येतात. त्या वेचून काढण्यात बायकांचे तास जातात, आणि त्या तासांचा मोबदला कुणीच देत नाही.

मढला जायचंच असेल, तर दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत केव्हाही, सकाळी जा. खळ्यावर पाय देऊ नका. फोटो काढण्याआधी मावशींना विचारा. आणि सुकी मासळी त्यांच्याच हातून विकत घ्या, घासाघीस न करता.