कावा : वडीलधाऱ्यांचा प्याला, पोरांच्या हातातली बाटली

फिजीतल्या खेड्यात पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नसतं. वाळलेल्या मुळांची जुडी बरोबर न्यायची, गावप्रमुखापुढे ठेवायची आणि त्याने ती स्वीकारण्याची वाट बघायची. या रिवाजाला सेवुसेवु म्हणतात. मग वेसीच्या लाकडात कोरलेल्या, बुटक्या पायांच्या तानोआ नावाच्या भांड्यात मुळांची पूड गार पाण्यात चुरतात आणि फडक्यातून पिळून काढतात. गढूळ, मातकट रंगाचं पेय तयार होतं. ते नारळाच्या करवंटीतून, म्हणजे बिलोतून, तुमच्यापुढे येतं. एक टाळी वाजवायची, करवंटी एका दमात रिकामी करायची, परत द्यायची आणि तीन टाळ्या वाजवायच्या. चव कडसर, मातीची. तिरफळ चुकून दाताखाली आलं की जीभ जशी बधिर होते, तशीच इथेही होते.

हा कावा. फिजीत त्याला यंगोना म्हणतात, सामोआत आवा, पोनपेई बेटावर साकाउ. १९५३ साली राणी एलिझाबेथ फिजीत आल्या आणि १९८६ साली पोप जॉन पॉल दुसरे आले, तेव्हा दोघांचंही स्वागत याच प्याल्याने झालं. आता हाच कावा डबाबंद पेयं, कॅप्सूल, गोळ्या आणि गोडसर अर्काच्या छोट्या बाटल्यांच्या रूपात अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात दुकानांच्या फळ्यांवर बसला आहे. मेलबर्न, ऑकलंड किंवा फ्लोरिडातल्या मराठी घरात सोळा वर्षांचा मुलगा अशी बाटली फ्रीजमध्ये ठेवतो आणि म्हणतो, "आई, दारू नाहीये गं ती, झाडपाल्याचं आहे." तो खोटं बोलत नसतो. पण त्याला जे माहीत आहे ते अर्धवट असतं, आणि बरेचदा आईला तेवढंही माहीत नसतं.

गैरसमज : कावा म्हणजे काश्मिरी कहव्यासारखा काहीतरी चहा, नाहीतर मग एक प्रकारची दारूच.

दोन्ही नाही. कहव्याशी त्याचा काही संबंध नाही. 'पायपर मेथिस्टिकम' हे या झुडपाचं शास्त्रीय नाव. आपली मिरी आणि विड्याच्या पानाची नागवेल याच पायपर कुळातल्या, म्हणजे नातं आहे ते आपल्या पानाच्या तबकाशी. या झुडपाला रुजणारं बी धरत नाही, माणसानेच खोडाचे तुकडे लावून ते बेटाबेटावर नेलं. वानुआतू हे त्याचं मूळ घर मानलं जातं. लावल्यापासून मूळ काढण्याजोगं व्हायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात.

पेय आंबवत नाहीत, त्यामुळे त्यात अल्कोहोल नसतं. काम करतात ती कावालॅक्टोन नावाची रसायनं. मेंदूला शांत करणाऱ्या 'गाबा' यंत्रणेवर त्यांचा परिणाम होतो. स्नायू सैल पडतात, धास्ती ओसरते, जास्त झाल्यास पाय लटपटतात आणि झोप येते. बडबड किंवा भांडण सहसा होत नाही. पोलिसांच्या फुंकर मारायच्या यंत्रात यातलं काहीच दिसत नाही, कारण ते यंत्र फक्त अल्कोहोल मोजतं. म्हणून "यंत्रात काही आलं नाही, म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही" हा तर्क नव्याने परवाना मिळालेल्या पोराने अजिबात करू नये.

गैरसमज : शतकानुशतकं पितात, म्हणजे सुरक्षितच. मुलांनाही चालतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात कमी तपासलेला दावा हाच. परंपरेचा दाखला द्यायचा असेल तर तो पुरता द्यावा.

वानुआतूच्या तान्ना बेटावर संध्याकाळी पुरुष नाकामालवर, म्हणजे वडाखालच्या मोकळ्या जागेत, जमतात. तिथल्या जुन्या पद्धतीत मूळ दगडावर कुटत नाहीत, चावतात. आणि चावायचं काम लहान मुलग्यांकडे असतं. पोरं मूळ चावून चोथा पानावर टाकतात, त्यावर पाणी ओतून गाळलं की प्यायचं ते मोठ्यांनी. सामोआत समारंभातला आवा कालवण्याचा मान ताउपोउचा, म्हणजे गावप्रमुखाच्या अविवाहित मुलीचा. टोंगात पुरुषांच्या बैठकीत वाढायला अविवाहित तरुणी बसते. म्हणजे तरुण मंडळी या परंपरेत आहेत आणि मानाच्या जागी आहेत, पण करवंटीच्या दुसऱ्या बाजूला. मूळ चावायचं, कालवायचं, वाढायचं, मोठ्यांची बोलणी ऐकायची. पिण्याची पाळी पुढे, मोठ्यांच्या रांगेत बसायला मिळाल्यावर.

पिण्यालाही कुंपणं भरपूर. कुणी आधी प्यायचं ते मानाप्रमाणे ठरलेलं. वेळ संध्याकाळची. प्रमाणावर नजर ठेवायला चार वडीलधारी समोर. पाणी गार, आणि झाडाचं फक्त मूळ आणि खोडाचा बुंधा. पानं आणि सालपटं नाहीत. फिजीत बारीक मुळांना वाका म्हणतात आणि बुंध्याला लेवेना. वाकाचा भाव जास्त. कोणता वाण रोजचा आणि कोणता टाळायचा, हे शेतकऱ्याला ठाऊक. वानुआतूत ज्याला 'टुडे' म्हणतात, म्हणजे ज्याची गुंगी आणि मळमळ दोन दिवस रेंगाळते, त्या वाणाची निर्यात तिथल्या २००२ च्या कावा कायद्याने रोखली आहे. इतका बंदोबस्त खुद्द पिणाऱ्यांनीच केलेला आहे. परंपरेने कावा सुरक्षित असतो असं सांगितलेलं नाही. कुणी, कधी, कुठला आणि किती प्यायचा, एवढंच सांगितलं आहे.

यालाही दुसरी बाजू आहे. परदेशातल्या टोंगन कुटुंबांत वयात आलेल्या मुलांना चर्चच्या किंवा गावमंडळाच्या कावा बैठकीत आवर्जून नेतात. भाषा आणि गाणी कानावर पडावीत, पोरगं रस्त्यावरच्या टोळीत जाऊ नये म्हणून. हा विचार समजण्यासारखा आहे. पण तिथेही मूल एकटं नसतं, आजोबा शेजारी बसलेले असतात. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून रात्री खोलीत बाटली रिकामी करणाऱ्या मुलाला या बैठकीचा दाखला लागू पडत नाही.

गैरसमज : बाटलीतला कावा म्हणजे तोच, फक्त सोयीचा.

गाळलेल्या पेयात किती उतरायचं याला पाण्यामुळे मर्यादा येते. शिवाय चव अशी की हौसेने लिटरभर पिणारा नवखा विरळाच. कारखान्यातला अर्क अल्कोहोल किंवा अॅसिटोनसारख्या द्रावकातून काढला असेल तर तीच रसायनं कैक पट घट्ट होऊन येतात, आणि फळांचा स्वाद घातला की कडवटपणाचा अटकावही उरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अन्नमानकांत म्हणूनच कावा पेय म्हणजे गार पाण्यात कालवलेलं मूळ, एवढीच व्याख्या धरली आहे, आणि 'बेताने घ्या', 'झोप येऊ शकते' असं लेबलवर छापणं बंधनकारक आहे.

अमेरिकेत आणखी एक भानगड आहे. काही छोट्या बाटल्यांमध्ये कावाबरोबर क्रॅटम असतं. क्रॅटम ही आग्नेय आशियातल्या एका झाडाची पानं. ती मेंदूत अफूसारख्या पदार्थांच्याच जागांवर काम करतात आणि त्यांची सवय लागते. दोन्ही पदार्थ एकाच रंगीत लेबलाखाली असतात. मुलगा "कावा प्यायलो" म्हणतो आणि तसं तो मानतही असतो. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचणं इथे फार महत्त्वाचं.

गैरसमज : कावा घेतला की लिव्हर गेलंच म्हणून समजा.

ही दुसऱ्या टोकाची अतिशयोक्ती. युरोपात १९९० च्या दशकात कावाच्या गोळ्या चिंतेवरचं औषध म्हणून खपत होत्या. यकृत बिघडल्याची, काहींवर यकृत-प्रत्यारोपणाची वेळ आल्याची प्रकरणं नोंदवली गेली आणि २००२ साली जर्मनीने मंजुरी काढून घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, तर पुढच्या वर्षी ब्रिटनने बंदी घातली. पॅसिफिकमधल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. २०१४ मध्ये जर्मन न्यायालयाने तिथला निर्णय रद्द केला, २०१९ मध्ये औषध नियंत्रकांनी मंजुरी परत काढून घेतली.

इतकी उलटसुलट का? कारण बेटांवर शतकानुशतकं पिणाऱ्यांत यकृत निकामी होण्याची साथ कधी दिसली नाही, आणि प्रकरणं तर खरी होती. द्रावकातला अर्क, चुकीचा वाण, सालपटांची भेसळ, बुरशी लागलेला माल, सोबतची औषधं, माणसामाणसाच्या यकृतातला फरक, अशी बरीच कारणं पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात मात्र पाण्यात केलेल्या कावालाही पूर्ण निर्दोष ठरवलेलं नाही. धोका विरळ आहे, पण ज्याच्या वाट्याला येतो त्याला फार जड जातो. कावालॅक्टोन यकृतातल्या औषधं पचवणाऱ्या विकरांना अडवतात, त्यामुळे सोबत दुसरं काय चालू आहे यावर बरंच ठरतं. नैराश्याच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या मुलाने कावा घेणं हा उघड जुगार आहे. तापासाठी पॅरासिटामॉल घेतलेल्यानेही त्याच्या वाटेला जाऊ नये.

गैरसमज : दारूपेक्षा बरा, मग पिऊ द्यावा.

हा प्रयोग होऊन गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला आर्नहेम लँडमधल्या आदिवासी वस्त्यांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पॅसिफिकमधून कावा आला. दारूऐवजी हे बरं, हाच हेतू होता. मुळं आली, रीतभात आली नाही. काही ठिकाणी पिणं बेटांवरच्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे गेलं. माणसं वाळली, त्वचा कोरडी पडून माशाच्या खवल्यांसारखी सोलपटू लागली, रक्ततपासणीत यकृताची विकरं वाढलेली दिसली. पिणं थांबवल्यावर यातलं बरंचसं मागे हटलं, हेही नोंदवायला हवं. पुढे नॉर्दर्न टेरिटरीत १९९८ साली कायदा आला आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाभरात व्यापारी आयात बंद झाली. २०२१ च्या डिसेंबरपासून ती पुन्हा सुरू आहे. प्रवाशाला स्वतःपुरता चार किलोपर्यंत कावा आणता येतो, पण अठरा वर्षं पूर्ण असतील तरच.

शिवाय पोरांच्या पार्टीत 'दारूऐवजी कावा' फार वेळ टिकत नाही. ते 'दारूबरोबर कावा' होतं. दोन्ही मेंदूला मंदावणारे. एकत्र आले की तोल आणि भान दोन्ही जास्त जातात, यकृतावर दुहेरी भार पडतो. वाढत्या वयात मेंदूची जुळणी पंचविशीपर्यंत चालू असते. त्यातल्या गाबा यंत्रणेला वरचेवर बाहेरून ढकलल्याने पुढे काय होतं, हे सांगणारे अभ्यास मुलांवर झालेलेच नाहीत. जे झाले ते प्रौढांवर. अठरा वर्षांखालच्यांसाठी ठरलेली सुरक्षित मात्रा म्हणून काही नाही.

गैरसमज : परीक्षेच्या धास्तीवर रामबाण.

थोड्या दिवसांच्या काही जुन्या चाचण्यांत प्रौढांची चिंता किंचित उतरलेली दिसली होती. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत १७१ प्रौढांना सोळा आठवडे कावा किंवा खोट्या गोळ्या दिल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आले. कायमच्या चिंताविकारावर कावा खोट्या गोळ्यांपेक्षा सरस ठरला नाही, आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्या त्या कावाच्या गटात जास्त. अभ्यासाचं म्हणाल, तर आपो आपोरोसा या फिजी वंशाच्या संशोधकाने यंगोना आणि फिजीतलं शिक्षण यावरच काम केलं आहे. ते कावाचे वैरी नाहीत, उलट त्याच्या सांस्कृतिक मोलाची बाजू मांडतात. तरी रात्री उशिरापर्यंत बैठकीत बसलेल्या शिक्षकाच्या दुसऱ्या दिवशीच्या तासाचं काय होतं, हा प्रश्न त्यांनीच उचलला. शिक्षकाची ही गत, मग विद्यार्थ्याची काय सांगावी!

गैरसमज : हे त्यांच्याकडचं, आपल्या लोकांचा काय संबंध.

१८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त भारतीय गिरमिटिया म्हणून फिजीला नेले गेले, बहुतेक उत्तर भारतातून, नंतर मद्रासकडून. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या या माणसांनी शेजाऱ्यांचा यंगोना उचलला. आज फिजीतल्या भारतीय घरांत त्याला 'ग्रोग' म्हणतात, आणि लग्नघरी तानोआ नाहीतर प्लास्टिकची बादली मधे ठेवून रात्र काढतात. ऑकलंड-सिडनीत मराठी मुलांचे वर्गमित्र याच घरांतले असतात. त्या घरी गेलेल्या मुलाला कुणी प्याला पुढे केला तर त्यात वाईट हेतू नसतो, पाहुणचार असतो. हात जोडून "मी अजून लहान आहे" म्हटलं तर त्या मंडळींना ते पटकन कळतं.

मुलाने घेतला असेलच, तर आरडाओरडा करण्याआधी डोळे बघा. पिवळसर झाक, गडद लघवी, अंगाला खाज, सततची मळमळ, उजव्या बरगडीखाली दुखणं यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. खूप गुंगी असेल, श्वास संथ वाटत असेल किंवा सोबत दारू-गोळ्या घेतल्याचा संशय असेल तर थेट तातडीच्या विभागात. जाताना बाटली किंवा पाकीट बरोबर न्या. भारतातल्या बऱ्याच डॉक्टरांना कावाचा पेशंट आयुष्यात भेटलेला नसतो, आणि 'हर्बल काहीतरी' एवढ्या माहितीवर त्यांना पुढची तपासणी ठरवता येत नाही.