घरच्या कोर्टाचे तीन गुण

गेल्या सत्रात आंतरशालेय बास्केटबॉल सामन्यात आम्ही दुसऱ्या शाळेच्या कोर्टावर 5 गुणांनी हरलो. माझे आठपैकी सहा फ्री थ्रो चुकले. परतीच्या बसमध्ये सगळ्यांचे एकमत झाले, की कोर्ट त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, मग दुसरे काय होणार? मीही मान डोलावली.

त्याच सुमारास संगणकाच्या तासाला मी बास्केटबॉलचा एक साधा सिम्युलेशन गेम तयार करत होतो. एनबीएच्या सामन्यात प्रत्येक संघाकडे चेंडू साधारण 100 वेळा येतो. म्हणून माझ्या गेममध्ये प्रत्येक संघ दोन गुणांचे 100 शॉट मारतो. दर शॉटला संगणक 1 ते 10,000 मधला कोणताही एक आकडा काढतो. तो 5,000 किंवा त्याहून कमी आला, की बास्केट.

आता यात घरच्या कोर्टाचा फायदा घालायचा होता. मी यजमानांसाठी 5,000 चे 5,500 केले. पाच टक्क्यांनी असा काय फरक पडतो? पण यजमान चारपैकी तीन सामने जिंकू लागले! खऱ्या एनबीएमध्ये यजमान वर्षानुवर्षे साधारण 60 टक्के सामने जिंकत आले, अलीकडे त्याहून कमीच. गुणांत हा फायदा सरासरी तीनच्या आसपास येतो.

तीन गुण म्हणजे दीड बास्केट. यजमानांची पाऊण वाढवायची, पाहुण्यांची पाऊण कमी करायची. म्हणजे 5,075 आणि 4,925, बस्स. एवढ्याने यजमान शंभरात 58 च्या आसपास सामने जिंकतात. एकच सामना पाहिला तर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

काही ठिकाणी आकडा बदलावा लागतो. डेन्व्हर 5,280 फुटांवर आहे, तिथे पाहुण्यांना धाप लागते, म्हणून मी थोडे जास्त दिले. हा माझा अंदाज, हिशेब नव्हे. 2020 मध्ये कोविडमुळे एनबीएचे उरलेले सामने ऑर्लँडोजवळ एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाले. यजमान फक्त कागदावर होते. तिथे मी शून्य ठेवले.

फ्री थ्रोचा रकाना भरताना मात्र मी अडलो. प्रेक्षकांचा आरडाओरडा सर्वांत जास्त तिथेच असतो, म्हणून पाहुण्यांची टक्केवारी बरीच कमी धरणार होतो. पण मॉस्कोविट्झ आणि वर्टहाइम यांच्या ‘स्कोअरकास्टिंग’ या 2011 च्या पुस्तकात एनबीएचा हिशेब आहे : यजमान आणि पाहुणे यांची फ्री थ्रोची टक्केवारी जवळजवळ सारखीच असते. फायद्याचे मोठे कारण त्यांच्या मते पंचांचे निर्णय हे आहे, आणि फ्री थ्रो पडला की नाही हे काही पंच ठरवत नाहीत.

त्या रकान्यात मी दोघांना एकच आकडा दिला आणि पीटीच्या उस्तादांना दाखवला. त्यांनी एवढेच विचारले, “मग तुझे सहा?”

आता रोज संध्याकाळी खेळाच्या वेळेनंतर 50 फ्री थ्रो मारतो. काल 31 पडले.