कानाचं दुखणं नाकात
"ऐकू येत नाही पोराला, नि तुम्ही नाकात काय बघताय?" पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात आज्या हमखास डाफरतात. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक बारीक नळी जाते, युस्टेशियन. अ‍ॅलर्जीने नाकाचं अस्तर सुजलं की तिचंही तोंड मिटतं. कानातली हवा शोषली जाते, पडद्यामागे पाणी साचतं. लहान मुलांत ती आखूड, आडवी, म्हणून त्रास जास्त. दुखत नाही, त्यामुळे घरचे म्हणतात, 'लक्षच नसतं याचं!' अर्थात सर्दी किंवा नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड गाठी यांनीही हेच होतं.

अ‍ॅलर्जी म्हटली की सगळे धुळीला दोष देतात. मी आधी गादीबद्दल विचारतो. पावसाळ्यात ओल धरलेल्या गादीत डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक माजतात. चादरी, उश्यांचे अभ्रे 60 अंशांच्या पाण्यात धुतले की हे कीटक मरतात. बाहेर गाजर गवताचे पराग. 1950च्या दशकात पुण्यात दिसलेलं हे गवत आता देशभर आहे.

उपचार म्हणून दिलेला नाकातला स्टिरॉइडचा फवारा लोक दोन दिवसांत सोडतात. त्याला रोज, निदान आठवडाभर तरी वेळ द्यावा लागतो. नाक झटकन मोकळं करणारे थेंब मात्र पाचेक दिवसांपलीकडे नकोत. नाक उलट जास्त चोंदतं.