मराठी संगीत नाटकांतील प्रेम आणि दुरावा

प्रेम कसे जुळते आणि कसे तुटते, याचे मराठी संगीत नाटकांतील चित्रण पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये (१८८०) दुष्यंत शकुंतलेला विसरतो तो दुर्वासांच्या शापामुळे. कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये (१९११) गरीब म्हणून नाकारलेल्या धैर्यधरावरच भामिनी पुढे अनुरक्त होते. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’मध्ये (१९१९) सुधाकराचा संसार दारूने उद्ध्वस्त होतो, सिंधूची पतिनिष्ठा मात्र अखेरपर्यंत ढळत नाही. म्हणजेच येथे प्रेम आपोआप ओसरत नाही. शाप, संपत्ती वा व्यसन त्याच्या आड येते. पदांच्या माधुर्यामुळे सिंधूचे सोसणेही आदर्श वाटू लागते. तथापि, सोसणे म्हणजेच प्रेम काय, हा प्रश्न त्या माधुर्यात हरवू नये.