विंडोजचं मोठं अपडेट आलंय: लगेच घ्यायचं की थांबायचं? आणि थांबायचं तर किती दिवस?

समजा, तुम्ही कारध्याला राहता. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. घरात एकच लॅपटॉप, तोही थोरल्या भावाने वापरून दिलेला. नेट म्हणजे तुमच्याच मोबाईलचा हॉटस्पॉट. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख परवा आहे. आज रात्री लॅपटॉप बंद करायला गेलात, तर समोर सूचना: विंडोजची नवी आवृत्ती तयार आहे, डाउनलोड करून इन्स्टॉल करा.

काय कराल?

फोनवर आपण फार विचार करत नाही. रात्री चार्जिंगला लावायचा, बटण दाबायचं, सकाळी झालेलं असतं. फोनचं अपडेट त्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी तयार केलेलं असतं. विंडोज मात्र शेकडो कंपन्यांच्या संगणकांवर चालतं. कुणाचा प्रिंटर दहा वर्षांचा, कुणाची रॅम नंतर वाढवलेली, कुणाचं वायफाय कार्ड भलत्याच कंपनीचं. त्यामुळे एकाच्या लॅपटॉपवर सुरळीत झालेलं अपडेट दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अडकू शकतं.

म्हणून थांबायचा विचार करणं चुकीचं नाही. फक्त कशासाठी थांबतोय आणि कधीपर्यंत, हे ठरलेलं पाहिजे.

आधी बघा, आलंय कोणतं

'अपडेट' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिलं, दर महिन्याचं सुरक्षा अपडेट. मायक्रोसॉफ्ट ते महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बहुतेकांना ते बुधवारी दिसतं. त्याच्या नावात पूर्वी 'क्युम्युलेटिव्ह अपडेट' असं लिहिलेलं असायचं. यात मुख्यतः सापडलेली भोकं बुजवलेली असतात.

दुसरं, नवी आवृत्ती. ही वर्षातून एकदा येते. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती १ ऑक्टोबर २०२४ ला आली, २५एच२ आवृत्ती ३० सप्टेंबर २०२५ ला. 'मोठं अपडेट' म्हणतात ते हे.

मोठं अपडेटही दरवेळी सारखंच मोठं नसतं. २३एच२ वरून २४एच२ वर जाताना आतली सगळी यंत्रणाच बदलते. २४एच२ वरून २५एच२ वर जाणं त्या मानाने किरकोळ आहे: बराचसा भाग मासिक अपडेटमधून आधीच आलेला असतो, फक्त तो चालू केला जातो आणि एक रिस्टार्ट होतो. विंडोज १० वरून ११ वर जाणं मात्र खरोखर घर बदलण्यासारखं आहे.

तुमच्याकडे सध्या कोणती आवृत्ती आहे ते बघायला विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, 'विनव्हर' हा शब्द इंग्रजीत टाइप करा आणि एंटर मारा.

थांबणारे का थांबतात?

२ ऑक्टोबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चं ऑक्टोबर अपडेट सोडलं. काही लोकांनी ते घेतलं आणि बघितलं तर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइल्स गायब. चारच दिवसांत, ६ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने ते अपडेट थांबवलं. दुरुस्त होऊन ते पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला.

झालं काय होतं? सी ड्राइव्ह भरत आला की आपल्यातले बरेच जण डॉक्युमेंट्सचं फोल्डर डी ड्राइव्हवर वळवतात. तसं वळवल्यावरही काहींच्या जुन्या जागी थोड्या फाइल्स राहून गेल्या होत्या. अपडेटने ती जुनी जागा रिकामीच असणार असं समजून पुसून टाकली.

मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार अशा तक्रारी दहा हजारांत एक इतक्याच होत्या. पण त्या एकात तुमचा प्रोजेक्ट असेल, तर तुमच्यासाठी नुकसान शंभर टक्के. ज्यांनी दीड महिना वाट बघितली, त्यांना याचा पत्ताही लागला नाही.

थांबणं हे काही घाबरटांचं काम नाही. उबुंटू हे लिनक्स तर हे नियमानेच करतं. उबुंटूची २४.०४ ही दीर्घकालीन आवृत्ती २५ एप्रिल २०२४ ला आली. पण आधीची दीर्घकालीन आवृत्ती वापरणाऱ्यांना अपग्रेडची सूचना लगेच दिली जात नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती, म्हणजे २४.०४.१, आल्यावरच ती सुरू होते. ती आली २९ ऑगस्टला. बनवणारेच म्हणतात, चार महिने थांबा.

पण थांबणं फुकट नसतं

आता दुसरी बाजू. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक गंभीर भोक बुजवणारं सुरक्षा अपडेट दिलं. लाखो संगणकांवर ते घेतलंच गेलं नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' आला, फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त संगणक अडकले. अपडेट आणि हल्ला यांच्यात अंतर होतं ५९ दिवसांचं.

पुढच्याच महिन्यात ही झळ महाराष्ट्राला लागली. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या'चा हल्ला झाला आणि जगभर व्यवसाय असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठे ठेवलाय हे सांगणारे संगणकच बंद, त्यामुळे माणसं हाताने नोंदी करत बसली आणि बंदरात माल तुंबला.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. नॉटपेट्या तेच जुनं भोक वापरत होता, पण एकदा आत शिरला की पासवर्ड चोरूनही पसरत होता. म्हणजे अपडेट घेतलेला प्रत्येक संगणक वाचलाच असता असं नाही. पण दार उघडं ठेवणाऱ्यांनी त्याचं काम सोपं केलं, एवढं नक्की.

२०१८ मध्ये थांबणारे वाचले, २०१७ मध्ये थांबणारे अडकले. फरक कशात आहे? पहिलं नवी आवृत्ती होतं, दुसरं सुरक्षा अपडेट.

मग हिशोब असा

सुरक्षा अपडेट: आठवड्याच्या आत घ्या. फार तर उद्याचं काम उरकेपर्यंत थांबा. त्यापलीकडे नको.

नवी आवृत्ती: एक ते दोन महिने खुशाल थांबा, पण कॅलेंडरवर तारीख टाकून. तेवढ्या काळात मासिक सुरक्षा अपडेट मात्र चालू ठेवा. जुन्या आवृत्तीवर राहूनही ती मिळत राहतात. विंडोज ११ होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण २४ महिने ती मिळतात. उदाहरणार्थ २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत.

पावसाळ्यात कारध्याला वैनगंगेची पातळी किती आहे हे विचारूनच माणूस पुलाकडे निघतो ना? चढत असेल तर थांबतो, उतरली की जातो. तसंच हे. पातळी बघायची सोयही आहे: मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज रिलीज हेल्थ' या पानावर प्रत्येक आवृत्तीतल्या माहीत असलेल्या अडचणींची यादी असते. तुमच्या लॅपटॉपमध्ये अडचणीचं काही आहे हे मायक्रोसॉफ्टला आधीच कळलं असेल, तर ते अपडेट तुम्हाला दाखवलंच जात नाही. म्हणून मित्राला आलं आणि आपल्याला नाही, तर जबरदस्तीने बाहेरून आणून टाकू नका.

आपल्या मराठी संगणकाची वेगळी अडचण

इंग्रजी व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही. खालच्यापैकी काही तुमच्याकडे असेल, तर मोठ्या अपडेटला दोन महिने थांबा आणि आधी चौकशी करा.

• टायपिंगच्या परीक्षेसाठी किंवा डीटीपीसाठी जुनं मराठी सॉफ्टवेअर, म्हणजे आयएसएम, श्रीलिपी यांसारखं. तुमची आवृत्ती नव्या विंडोजवर चालते का ते क्लासमध्ये किंवा विक्रेत्याला विचारा.
• घरात कुणी आपले सरकार सेवा केंद्र चालवत असेल, तर अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा टोकन. दोघांनाही स्वतःचे ड्रायव्हर लागतात. ते बंद पडले तर त्या दिवसाचा धंदा गेला.
• जुना प्रिंटर किंवा स्कॅनर, ज्याची सीडी केव्हाच हरवली आहे.

आणि एक नेहमीची भीती: 'अपडेट केलं आणि मंगल फॉन्ट गेला!' तो दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' उघडा आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. मंगल, कोकिळा, अपराजिता सगळे येतात. संशयास्पद साइटवरून फॉन्ट उतरवायची गरज नाही.

अजून विंडोज १० वर असाल तर

विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. त्या दिवशी लॅपटॉप बंद पडला नाही, म्हणून अनेकांना वाटलं काही फरक पडत नाही. फरक हाच की यापुढे सापडणारी भोकं उघडी राहतात.

घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने एका वर्षाची मुदतवाढ जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी २२एच२ आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो.

विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तुमचा लॅपटॉप बसतो का हे मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' ॲप सांगतं. बसत असेल तर परीक्षा संपल्यावरच्या पहिल्या सुट्टीत जा.

थांबवायचं कसं?

१. सेटिंग्ज, मग विंडोज अपडेट. नवी आवृत्ती 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' अशा वेगळ्या ओळीत दिसत असेल तर तिला हातच लावू नका. मुदत संपत येईपर्यंत ती शक्यतो वाट बघते.
२. फॉर्मची शेवटची तारीख जवळ आहे? तिथेच 'पॉझ अपडेट्स' आहे. विंडोज ११ मध्ये एक ते पाच आठवडे निवडता येतात. पण यात सुरक्षा अपडेटही थांबतात, म्हणून एक आठवडा पुरे.
३. हॉटस्पॉट वापरत असाल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. नाहीतर दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा अपडेटच खाऊन टाकेल.

'अपडेट कायमचं बंद करा' अशा व्हिडिओंच्या नादी लागू नका. तारीख नसलेलं थांबणं म्हणजे विसरणं.

तारीख आली, आता बटण दाबायच्या आधी

• महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा ड्राइव्हवर टाका. डी ड्राइव्ह हा बॅकअप नाही, तो त्याच डिस्कवर असतो.
• बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून बघून वहीत लिहा. जुलै २०२४ च्या एका सुरक्षा अपडेटनंतर काही संगणकांनी सुरू होतानाच ती मागितली होती.
• सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी जागा मोकळी करा.
• चार्जर लावा, बॅटरी भरलेली असू द्या. बॅटरी नसलेला डेस्कटॉप असेल आणि आभाळ भरून आलं असेल, तर आज नकोच. मध्येच लाईन गेली तर डोकेदुखी.

बिघडलंच तर?

पूर्ण मोठ्या अपडेटनंतर दहा दिवस परतीचा रस्ता उघडा असतो: सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, 'गो बॅक'. फाइल्स राहतात, नंतर टाकलेले प्रोग्राम जातात. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच प्रिंट काढून बघा, मराठी टाइप करून बघा, टोकन लावून बघा. आणि त्या दहा दिवसांत जागा साफ करायच्या नादात जुन्या विंडोजच्या फाइल्स उडवू नका.

फोनवर हा परतीचा रस्ता सहसा नसतो. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्तीवर परत जायचं तर बहुतेक वेळा सगळा डेटा पुसला जातो. म्हणून तिथेही हाच नियम: सुरक्षा पॅच लगेच, नवी आवृत्ती थोडं थांबून आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घेऊन.

तर, कारध्याच्या त्या लॅपटॉपवर आज रात्री काय करायचं? एक आठवड्याचा पॉझ. परवा अर्ज भरा, पावतीची पीडीएफ फोनवर पाठवून ठेवा. रविवारी पॉझ काढून सुरक्षा अपडेट घ्या. आणि नव्या आवृत्तीसाठी दीड महिन्यानंतरचा एखादा रविवार आत्ताच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून झोपा.