शब्द उशिरा सापडणारी मुले

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात, मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी आणि उर्दू अशा अनेक भाषा कानी पडतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलापुढे शाळेत पुष्कळदा तेलुगू किंवा इंग्रजी पुस्तक येते. ते वर्गात गप्प बसले, की कोणी त्यास मठ्ठ म्हणतो, कोणी आळशी; तर कोणी आईस बजावतो, "घरातली मराठी सोडा, म्हणजे पोर सुधारेल." ह्या तिन्ही निवाड्यांनी लेकराचे नुकसान होते. म्हणून आईबापांनी हा विषय नीट समजून घ्यावा.

भाषा हे केवळ जिभेचे काम नव्हे. ऐकलेले वाक्य मन क्षणभर धरून ठेवते, शब्द ओळखते, त्यांचा संबंध लावते आणि मग उत्तर जुळवते. काही मुलांच्या बाबतीत हे काम मंद चालते. "घागर भरून ठेव, वासरास पाणी पाज आणि मग दार लाव," असे एका दमात सांगितले, तर असे मूल नुसते दार लावून येते. आईस वाटते, पोर ऐकत नाही. परंतु पहिली दोन कामे त्याच्या मनातून निसटलेली असतात. १९९० साली इंग्लंडमधील सुझन गॅदरकोल व ॲलन बॅडली ह्यांनी अशा मुलांस अर्थ नसलेले लांब शब्द ऐकवून ते परत म्हणावयास सांगितले. ते त्यांस इतर मुलांहून फार जड गेले.

ह्यास भाषाविकासाचा दोष म्हणतात. पुष्कळदा अशा मुलाचे कान शाबूत असतात आणि इतर कामांत त्याची बुद्धी चांगली चालते. इंग्लंडमधील सरे परगण्यात झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तीस मुलांच्या वर्गामागे सुमारे दोन मुलांस भाषेची अडचण आढळली.

हा दोष अनेक भाषा ऐकल्याने जडत नाही. मूल तेलुगूत अडखळते, पण घरी मराठीत गोष्ट सांगते, भांडते, निरोप पोहोचविते, तर बहुधा उणीव सरावाची आहे. मातृभाषेतही ते मागे पडत असेल, तर मात्र तपासणी हवी. ह्या भागात मातृभाषेचे मोल पूर्वीच ओळखले गेले आहे. १९४३ साली तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई येथे मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार होऊ लागले. त्यांच्या शाळांसाठी गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली.

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, किंवा येत असलेली भाषा विसरू लागले असेल, तर "होईल मोठेपणी" म्हणून स्वस्थ बसू नये. प्रथम कान तपासावेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत व सरकारी शाळांत मुले तपासतात. त्यांस मुलाची अडचण स्पष्ट सांगावी. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादेस आहे. तेथे कान व वाणी ह्यांची तपासणी होते.

घरी एका वेळी एकच काम सांगावे. मूल "गाय पळाली" म्हणाले, तर "होय, तांबडी गाय शेतात पळाली" असे वाक्य वाढवून द्यावे. उत्तरासाठी थांबावे, चारचौघांत हसू नये, मारू तर मुळीच नये. माराने शब्द सापडत नाही. जो सापडला असतो तोही भीतीने लपतो.