साखळीच्या खाणीवरचं रान

हरवळ्याच्या लेण्यांत पाच दालनं आहेत, सगळी जांभ्या दगडात कोरलेली. आत शिवलिंगं आहेत, एकावर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. गावकरी त्यांना पांडवांच्या गुहा म्हणतात. अभ्यासकांमध्ये मात्र ही लेणी मुळात बौद्ध की शैव, यावर अजून वाद आहे. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचं हे काम मानलं जातं. म्हणजे गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या या लहानशा गावात माणूस तेव्हापासून जांभ्याला छिन्नी लावतो आहे. लेण्यांपासून थोडं पुढे रुद्रेश्वराचं देऊळ आणि त्याच्याजवळ पावसाळ्यात कान भरून टाकणारा धबधबा. सहली इथवर येतात, फोटो काढतात आणि परत फिरतात.

याच साखळी-हरवळे परिसरातल्या टेकड्यांवर दुसरं एक कोरीवकाम आहे. ते पाहायला फार कोणी जात नाही. सेसा गोवा कंपनीची ही साखळीची खाण. लोहखनिज संपल्यावर तिच्या मोठ्या भागावर झाडं लावली गेली. आज तिथे बांबूची बेटं आहेत, फुलपाखरांची बाग आहे, औषधी वनस्पती आहेत, आणि ज्या खंदकातून माल निघाला त्यात पाणी साठलं आहे. डिचोलीत खाणी कमी नाहीत. पण एका खाणीचं मरण इतक्या निगुतीने झालेलं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही, म्हणून ही जागा नीट पाहिली पाहिजे.

या डोंगरांची घडण आधी समजून घ्यावी. वर जांभ्याचं कवच, त्याखाली लोहखनिजाचे थर आणि त्यांना लागून चिकणमाती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना माल हवा होता आणि पोर्तुगीज सरकारने खाणींचे परवाने मुक्तहस्ताने वाटले. 1954मध्ये इटालियन भांडवलावर सेसा गोवा उभी राहिली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात साखळीत काम सुरू झालं. ट्रकांनी माल नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला आणि पुढे जहाजाने परदेशी, ही वाहतूक पुढची अनेक वर्षं अखंड चालली. तिने या तालुक्यातली घरं उभी केली, मुलं शिकवली, हेही खरंच आहे.

पण एक टन खनिज काढायला गोव्यात साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. ही टाकाऊ माती म्हणजे डंप. गोव्याचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. त्या पावसात उघडा डंप ढासळतो आणि तांबडा गाळ ओहोळातून थेट शेतात उतरतो. ज्याच्या वायंगणात असा गाळ एकदा शिरला, त्याला डंप म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्यामुळे खाणीवर झाड लावण्याचं पहिलं कारण माती जागेवर धरून ठेवणं हे आहे. शोभा पुढची गोष्ट.

हे काम सोपं नाही. डंपाच्या मातीत कस नसतो, ओलावा टिकत नाही, आणि चैत्र-वैशाखात ती पाय भाजेल इतकी तापते. म्हणून उतारांना पायऱ्या पाडतात, पाणी वळवायला चर खणतात, काथ्याच्या जाळ्या अंथरतात. वाळ्याच्या गवताची मुळं खोल जातात, तीही उपयोगी पडतात. गोव्यातल्या डंपांवर सुरुवातीच्या काळात सर्रास ऑस्ट्रेलियन अकेशिया लावली गेली, सोबतीला काजू. अकेशिया झपाट्याने वाढते, हवेतला नायट्रोजन मातीत आणते, गुरं तिला तोंड लावत नाहीत. पण तिचा पाला लवकर कुजत नाही, आणि तिच्या सावलीत आपलं रान सहसा रुजत नाही. दुरून हिरवागार दिसणारा डोंगर आतून मुका असू शकतो. माझ्या मते अकेशियाला पहिल्या पाच-दहा वर्षांची पाहुणी मानावं. मग तिला विरळ करून जांभूळ, किंदळ, करंज, शिवण यांना जागा द्यावी. बांबू आणि स्थानिक झाडांकडे वळल्यामुळेच साखळीची जागा इतर डंपांहून वेगळी ठरली.

फुलपाखरांच्या बागेमागचा विचारही समजून घेण्यासारखा आहे. नुसती फुलं लावली तर फुलपाखरं येतात, मध पितात आणि निघून जातात. त्यांना वस्तीला ठेवायचं तर अळीला खायला पानं हवीत. कढीपत्ता आणि लिंबाच्या जातीची झाडं असली तर मॉरमॉन फुलपाखरं अंडी घालतात. रुईवर प्लेन टायगर वाढतं. सदर्न बर्डविंगसारखं मोठं फुलपाखरू सापसंदीच्या कुळातल्या वेलीशिवाय जगूच शकत नाही. खाणीत अशी बाग टिकते तेव्हा कीटकांनी, पक्ष्यांनी, मुंग्यांनी ती माती पुन्हा आपली म्हटली, असं समजायला हरकत नाही.

याच खाणीच्या आवारात तंत्रशाळा आणि सेसा फुटबॉल अकादमी आहे. अकादमी 1999ची. डिचोली-सत्तरीतल्या मुलांना तिथे राहून खेळता आणि शिकता आलं. खनिजाच्या जमिनीचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

आता पाण्याचं बोलू, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ अ‍ॅटनबरो नावाचं निसर्ग राखीव क्षेत्र आहे. वाळू-खडीच्या जुन्या खड्ड्यांत पाणी भरलं, पक्षी आले, आणि 1966मध्ये डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या हस्ते ते खुलं झालं. आपल्याकडे तसं व्हावं असं वाटतं, पण खडीचा खड्डा उथळ असतो. गोव्याच्या खाणींचे खंदक खोल, काही तर समुद्रसपाटीच्याही खाली, आणि कडा उभ्या. बगळा, तुतारी, पाणकोंबडी यांना घोटाभर पाणी आणि चिखलाचा काठ लागतो. तो मयेच्या तळ्याच्या कडेला किंवा करमळीच्या तळ्यात मिळतो, खंदकात मिळत नाही. खंदक पक्ष्यांसाठी तयार करायचा तर निदान एका बाजूने त्याची कड उतरती करावी लागेल.

हे पाणी मुळात गावाचं. खाण चालू असताना भूजल पंपांनी उपसलं जातं आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. लईराईच्या शिरगावात विहिरी आणि झरे आटले तेव्हा लोकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. खाण थांबली, पंप बंद पडले की तेच पाणी खंदकात परत चढतं. साखळीत त्यात मासे पाळण्याचा प्रयोग झाला. तालुक्यातल्या इतर काही खंदकांचं पाणी शेतीला आणि टंचाईच्या दिवसांत पिण्याच्या योजनांनाही वापरलं गेलं आहे. आपल्या लोहखनिजात गंधक फारसं नसल्याने हे पाणी कोळशाच्या खाणीतल्यासारखं आम्लधर्मी होत नाही, हे आपलं नशीब. मला वाटतं, प्रत्येक बंद खंदकाची नोंद पाण्याचा साठा म्हणून व्हावी आणि त्यावर पहिला हक्क ग्रामसभेचा असावा. बाग, बांबू, फुलपाखरं त्यानंतर.

साखळीच्या उदाहरणाबद्दल आज बोलायचं कारणही आहे. 2012मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, 2014मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द केल्या. डिसेंबर 2022मध्ये नव्याने लिलाव झाले. त्यात डिचोली, शिरगाव-मये आणि मोंत द शिरगाव हे तिन्ही पट्टे याच तालुक्यातले. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठीची आर्थिक हमी कायद्याने 2003पासून बंधनकारक आहे. हा आराखडा खाण चालू असतानाच टप्प्याटप्प्याने राबवायचा असतो. पण कितीजणांनी आपल्या गावच्या खाणीचा आराखडा पाहिला आहे? पेडण्याच्या सड्यांवरच्या चिरेखाणींची तर गोष्टच वेगळी. तिथे चिरे काढून झाले की चौकोनी खड्डा तसाच सोडतात आणि पावसाळ्यात त्यात पोरं बुडण्याची भीती राहते. कुंपण घालणं, एक कड उतरती करणं, काढून ठेवलेली वरची माती परत पसरणं, एवढं तरी चिरेखाणवाल्याकडून करून घेता येईल.

साखळीची जागा कंपनीच्या ताब्यात असल्याने परवानगी घेऊनच जावं. पावसाळा ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास गेलात तर फुलपाखरं जास्त दिसतात. डिचोली-साखळी रस्त्याने हरवळ्याला आधी थांबा, लेणी पाहा, मग वर जा. परत आल्यावर आपल्या पंचायतीत जाऊन खाण बंद करण्याचा आराखडा मागा. उतार किती अंशांचे ठेवणार, वरची माती कुठे साठवली आहे, कोणती झाडं लावणार आणि पंप बंद झाल्यावर पाणी कोणाचं, एवढं त्यात लिहिलेलं आहे का ते तपासा.